विद्यापीठात बाबा हरवले

विद्यापीठ बघायला सून एकटीच जाणार होती. तसं तिनं मनाशी पक्कं ठरवलं होतं. बसमध्ये खिडकीशी बसायचं, कुणाशी बोलायचं नाही, आणि तिथं पोचेपर्यंत आपण फरशीच्या दुकानात बिलं करणारी, एका मुलीची आई आहोत हे जरा विसरून जायचं. पण आदल्या दिवशी जेवताना सासऱ्यांनी ताटातून मान वर न करता सांगून टाकलं, "उद्या मी पण येतो."

सगळे त्यांच्याकडे बघत राहिले. सासरे आपणहून कशात पडणारे नव्हते.

"कुठं?" सासूबाईंनी मोठ्यानं विचारलं.

"हिच्याबरोबर. विद्यापीठात."

"तुम्ही काय करणार तिथं?"

"नवा उड्डाणपूल झालाय म्हणे तिकडे. तीन मजली. तो बघीन."

नवऱ्याची जलशुद्धीकरण केंद्रात पाळी होती, त्याला सुट्टी मिळाली नव्हती आणि त्याचं त्याला वाईट वाटत होतं. तो खूश झाला. "बरं झालं, सोबत होईल तुला." सुनेनं मान डोलावली. सोबत कसली, असं मात्र तिच्या मनात येऊन गेलं.

लग्नाला सात वर्षं झाली होती, आणि एवढ्या काळात तिचं आणि सासऱ्यांचं धड बोलणं असं झालंच नव्हतं. माणूस वाईट नव्हता. उभी हयात बस चालवण्यात गेलेली, उंच, सरळ पाठीचा, शर्टाचं गळ्याचं बटणही लावणारा माणूस. सुनेला कधी वेडंवाकडं बोलले नाहीत, कशाला नावं ठेवली नाहीत. मुलाशी इंजिनांवर गप्पा मारायचे, शेजाऱ्यांबरोबर हसायचे. पण ती बोलायला गेली की "हं" म्हणायचे आणि उठून जायचे. सुरुवातीला तिला वाटलं, लाजतात. मग वाटलं, घमेंडी आहेत. पुढं पुढं तिची खात्रीच झाली, की ही सोयरीक मुळातच यांच्या मनाविरुद्ध झाली असणार.

दोन महिन्यांपूर्वी तिनं मनाचा हिय्या केला होता. सासरे ओट्यावर सायकल पुसत होते. ती शेजारी जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, मी पुढं शिकले तर तुम्हाला चालेल ना?"

त्यांनी जरा विचार केला. मग म्हणाले, "नऊ वाजता." आणि पुन्हा सायकल पुसायला लागले.

ती न्हाणीघरात जाऊन रडली, मग चिडली, आणि हे कुणाला सांगितलं नाही. पुन्हा विचारायच्या फंदातही ती पडली नाही. नवऱ्याचा होकार होता, सासूबाईंचा होता, तेवढं पुरे होतं.

तर आता त्याच सासऱ्यांच्या शेजारी बसून ती निघाली होती. सासऱ्यांनी ड्रायव्हरच्या बरोबर मागची जागा धरली आणि पहिला अर्धा रस्ता ते त्याच्यावरच पुटपुटत होते. "क्लचवर पाय ठेवून बसलाय नुसता. उतारावर कोण असं करतं?" मध्येच तिच्याकडे वळून त्यांनी विचारलं, "खिडकी लावू का?"

"नको, वारा बरा वाटतोय," ती म्हणाली.

त्यांनी खिडकी लावून टाकली. तिनं बाहेर बघत एक उसासा सोडला.

विद्यापीठ शहराच्या ऐन मध्यावर होतं. चारी बाजूंनी गाड्यांचा घोंगाट, आणि फाटकातून आत गेलं की जुनी दगडी इमारत, तिच्या खांद्याला खांदा लावून काचेची नवी, त्यापलीकडे तिसरी, चौथी. आत रस्ते होते, चौक होते, चौकांना नावं होती, एवढंच काय, आतल्या आत फिरणारी बससुद्धा होती. सासरे त्या बसकडे वळून वळून बघत राहिले. प्रवेशाच्या आधी विद्यापीठ बघून घ्यायचा तो दिवस होता. त्यामुळं सगळीकडे नुकती शाळा संपवलेली मुलंमुली आणि त्यांच्यामागून पिशव्या धरून चालणारे आईबाप.

दाराशी टेबल टाकून बसलेल्या बाईनं या दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि सासऱ्यांना विचारलं, "अर्जदार कोण?"

"हो," सासरे म्हणाले.

"मी," सून पुढं झाली. "हे माझ्याबरोबर आलेत."

बाईनं हसू दाबून तिच्या ओढणीला 'अर्जदार' असा बिल्ला लावला आणि सासऱ्यांच्या खिशाला 'पालक'. अर्जदारांनी सभागृहात जायचं, पालकांनी अंगणात मांडवाखाली चहा घ्यायचा, अशी व्यवस्था होती. सासऱ्यांनी डब्याची पिशवी खांद्याला अडकवली आणि ते मांडवाकडे गेले. सुनेला मोकळं मोकळं वाटलं.

ती लेखाशास्त्र शिकायचं म्हणून आली होती. दुकानाच्या मालकानंच सुचवलं होतं. बिलं करतेसच, रीतसर शीक, पुढं चांगली नोकरी लागेल. सल्ला शहाणपणाचा होता आणि तिला आकड्यांचा कंटाळाही नव्हता. सभागृहात एक गोरे, गोल प्राध्यापक छान समजावून सांगत होते. तिनं सगळं लक्ष देऊन ऐकलं. पण आजूबाजूची मुलं कशी पुढं सरकून बसली होती, हात वर करून करून प्रश्न विचारत होती, आणि आपल्याला विचारावंसं काहीच वाटत नाही, हे तिच्या लक्षात आलं. वय झालं असेल, असं म्हणून तिनं ते सोडून दिलं.

भाषण संपलं. आता विभाग बघायचा, शिक्षकांना भेटायचं होतं. त्याआधी सासऱ्यांना सांगून यावं म्हणून ती मांडवात गेली, तर सासरे तिथं नव्हते.

"उंच? चौकड्यांचा शर्ट?" चहावाल्या बाई म्हणाल्या. "ते स्वच्छतागृह कुठंय विचारत होते. बराच वेळ झाला की हो."

तिनं फाटकाजवळच्या रखवालदाराला गाठलं.

"आले होते," रखवालदार म्हणाला. "मी सांगितलं, समोरच्या इमारतीत, जिन्याखाली. ते म्हणाले, 'तिसऱ्या मजल्यावर होय?' आणि चालायला लागले. मी हाका मारल्या, पण त्यांनी काही मागं बघितलं नाही. रागीट आहेत का?"

"नाही," ती म्हणाली. "तसेच आहेत ते."

तिनं त्यांना फोन लावला. घंटी वाजत राहिली, कुणी उचलला नाही. यात नवल नव्हतं. बाबा फोन उचलत नाहीत ही घरातली जुनी तक्रार होती. तिकडे लेखाशास्त्राच्या विभागाकडे जाणारा घोळका जमायला लागला होता. क्षणभर तिला वाटलं, जावं आपण. मोठा माणूस आहे, लहान मूल नाही. उभ्या जन्मात रस्ता चुकलेला नाही. पण एवढं अवाढव्य आवार, त्यात अनोळखी शहर, आणि घरी जाऊन सासूबाईंना काय सांगायचं? घोळक्याकडे पाठ करून ती समोरच्या इमारतीत शिरली.

तिसऱ्या मजल्यावर लांबच लांब बोळ होता, दोन्ही बाजूंना बंद दारं. ती फोन कानाला लावून चालत होती, कट झाला की पुन्हा लावत होती. एवढ्यात कुठून तरी पाखरांचा किलबिलाट ऐकू यायला लागला. तिनं खिडकीकडे पाहिलं. खिडकी बंद होती. किलबिलाट बारीक होता पण चांगलाच तिखट होता, आणि तो एका दारामागून येत होता. मग तिला आठवलं. मागच्या आठवड्यात छकुलीनं, तिच्या लेकीनं, आजोबांच्या फोनची घंटी बदलून पाखरांची लावून दिली होती.

तिनं दार हळूच लोटलं. आत चढत्या बाकांचा वर्ग होता, मुलामुलींनी भरलेला. समोर फळ्याशी आखूड पांढऱ्या केसांच्या एक प्राध्यापिका खडू हातात धरून थांबल्या होत्या. आणि पहिल्या बाकावर, मधोमध, 'पालक' असा बिल्ला लावलेले सासरे ताठ बसले होते. त्यांच्या मांडीवरच्या पिशवीतून पाखरं नुसती कलकलत होती. वर्ग त्यांच्याकडे बघत होता. सासरे प्राध्यापिकांकडे बघत होते, बाई बोलायच्या का थांबल्या म्हणून.

"आजोबा," प्राध्यापिका म्हणाल्या. त्यांचा आवाज खर्जातला, जरा घोगरा होता. "तुमच्या पिशवीत काय वाजतंय?"

"माझ्या? काही नाही. डबा आहे."

वर्ग हसला. दारात उभ्या सुनेला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं घाईनं फोन बंद केला आणि पाखरं गप्प झाली. प्राध्यापिकांनी वळून दाराकडे पाहिलं, तिच्या हातातला फोन पाहिला, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. रागानं नव्हे. एखादी गोष्ट नीट बघायची असली की माणूस डोळे बारीक करतो, तसं त्यांनी केलं.

"तुम्हीच फोन करत होता का? पुन्हा लावता?"

तिनं लावला. पाखरं पुन्हा सुरू झाली. आता वर्गात कुणी हसत नव्हतं. प्राध्यापिका बाकाजवळ आल्या आणि म्हणाल्या, "आजोबा, आत्ता तुम्हाला काही ऐकू येतंय?"

"तुमचं बोलणं येतंय."

"आणखी काही?"

सासऱ्यांनी कान दिला. भोवतालच्या पोरांच्या तोंडांकडे पाहिलं. मग सगळे कुठं बघताहेत ते त्यांना कळलं आणि त्यांनी हात पिशवीवर ठेवला. फोन थरथरत होता. त्यांनी तो बाहेर काढला, पडद्यावर सुनेचा फोटो होता. त्यांनी मागं वळून तिला दारात पाहिलं. त्या चेहऱ्यावर जे काही होतं, ते तिनं सात वर्षांत कधी पाहिलं नव्हतं. भर रस्त्यात गाडी बंद पडलेल्या माणसाचा चेहरा होता तो.

प्राध्यापिकांनी जास्त ताणलं नाही. त्या त्यांच्या शेजारी बाकावर टेकल्या. "काम काय करायचात?"

"बस चालवायचो. जुन्या गाड्या. इंजिन शेजारी, डाव्या अंगाला."

"म्हणजे डावा कान जास्त गेला असणार," त्या म्हणाल्या, जशी काही पाऊस येईलसं दिसतंय एवढीच गोष्ट होती. "वर्ग संपत आलाय. त्यानंतर खाली आमच्या दवाखान्यात याल? तपासून बघू. वर्गासमोर नाही, आपण आपले. तुमची इच्छा असेल तरच."

घरी दवाखान्याचा विषय काढला की सासरे कानांवर हात ठेवायचे, हे सुनेला पक्कं माहीत होतं. सासूबाईंनी त्यापायी किती डोकेफोड केली होती. पण सासरे फोन पुन्हा पिशवीत ठेवत म्हणाले, "बघा की. गाडी उभीच आहे."

वर्ग सुटल्यावर जिना उतरताना तिनं त्यांना गाठलं. यावेळी ती मुद्दाम त्यांच्या उजव्या बाजूनं चालली आणि मोठ्यानं बोलली. "बाबा, तुम्ही त्या वर्गात कसे गेलात?"

"ते सापडलं नाही. दार उघडं दिसलं, लोक बसलेले दिसले. वाटलं, पालकांचं काहीतरी असेल. निघणारच होतो." ते एक पायरी थांबले. "पण त्या बाईंचं सगळं बोलणं कळत होतं गं मला. शब्द न् शब्द. किती दिवसांनी. मग बसलो."

"आणि स्वच्छतागृह?"

"ते अजून राहिलंय," सासरे म्हणाले.

ते काम आधी उरकलं. मग दोघं तळमजल्यावरच्या दवाखान्यात गेली. विद्यापीठाचं श्रवणशास्त्र शिकवणारं हे खातं होतं. कान कसे चालतात, कसे बिघडतात आणि बिघडलेल्यांना पुन्हा माणसांत कसं आणायचं, हे इथं शिकवत. एका खोलीत दुसरी छोटी खोली बसवली होती, जाड भिंतींची, जड दाराची, मध्ये काच. सासऱ्यांना आत बसवून कानांवर हेडफोन चढवले. आवाज आला की हात वर करायचा, एवढंच त्यांना करायचं होतं.

"तुम्ही इकडे बसा, माझ्या शेजारी," प्राध्यापिका सुनेला म्हणाल्या. "मी सांगेन ते बटण दाबायचं. शिकायला आला आहात ना आज?"

ती लेखाशास्त्रासाठी आली आहे हे सांगायचं तिच्या ओठांवर आलं होतं, पण तोवर तिचं बोट बटणावर गेलंही होतं. तिनं दाबलं. दोघींच्या बाजूला लहान कर्ण्यातून तोच आवाज हळू ऐकू येत होता. आधी घुमणारा, जाड आवाज. आत सासऱ्यांनी डोळे मिटले होते, इंजिन ऐकावं तसे. हात वर झाला. पुन्हा जाड आवाज, जरा हळू. हात वर. मग आवाज वर वर चढत गेला, शिटीसारखा बारीक होत गेला. हात वर व्हायला वेळ लागायला लागला. मग हात गुडघ्यावर नुसताच राहिला. ती बटण दाबत होती, तिला शिटी स्वच्छ ऐकू येत होती, आणि काचेपलीकडचा माणूस डोळे मिटून, शहाण्या विद्यार्थ्यासारखा, अजून आवाज यायची वाट बघत होता.

तिला एकदम भरून आलं. प्राध्यापिकांनी तिच्याकडे न बघता आवाज मोठा केला. बराच मोठा केला, तेव्हा हात हलला.

आलेखावर रेघ डावीकडून सरळ आली आणि पुढं कडा तुटावी तशी खाली गेली.

"आता शब्द," प्राध्यापिका म्हणाल्या. "आधी मी बोलते. ते ऐकू येईल ते म्हणतील." त्यांनी माईकमधून एकेक शब्द उच्चारला. शाळा. फूल. पाणी. साप. सासऱ्यांनी एखाददुसरा सोडून सगळे बरोबर सांगितले. मग त्यांनी माईक सुनेकडे सरकवला. "आता तुम्ही. घरी बोलता तसं बोला."

"शाळा," ती म्हणाली.

"माळा," सासरे आतून म्हणाले.

"फूल."

"मूल."

"साप."

सासरे अडखळले. मग म्हणाले, "बाप?"

तिनं प्राध्यापिकांकडे पाहिलं.

"तुमचा आवाज बारीक आहे आणि मऊ आहे," त्या म्हणाल्या. "चांगला आवाज आहे. पण नेमका जिथं त्यांचं ऐकणं संपतं, तिथं तो सुरू होतो. तुम्ही बोलताय हे त्यांना कळतं. काय बोलताय ते कळत नाही. मग माणूस काय करतो? अंदाज बांधतो. अंदाज चुकले की लाज वाटते, आणि मग तो 'हं' म्हणून बाजूला होतो."

सुनेच्या डोळ्यांपुढून काय काय सरकून गेलं. ओट्यावरची सायकल. नऊ वाजता. म्हणजे त्यांना वाटलं असणार, मी दुकानात किती वाजता जाऊ म्हणून विचारतेय. आणि त्याही आधीची गोष्ट, लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यातली. तिचे वडील ती लहान असतानाच गेले होते. ती सासऱ्यांना म्हणाली होती, मला बाबा म्हणायला कुणी नव्हतं, आता तुम्हाला म्हणते. ते "हं" म्हणाले होते आणि चपला घालून बाहेर पडले होते. त्या दिवशी तिनं जे मनाचं दार लावून घेतलं होतं, ते आजवर उघडलं नव्हतं. सात वर्षं ती एका बंद खिडकीशी बोलत होती, आणि खिडकीला वाटत होतं, बाहेर कुणी नुसतंच उभं आहे.

सासरे बाहेर आले. प्राध्यापिकांनी त्यांना आलेख समजावून सांगितला. गेलेलं परत येणार नाही, पण उरलेल्याचा चांगला उपयोग करता येईल, हेही सांगितलं. मग कपाटातून दोन छोटी यंत्रं काढून, संगणकाला जोडून काहीतरी जुळवलं आणि त्यांच्या कानांत बसवली. "ही आमची, नमुन्याची. तासभर लावून विद्यापीठ बघून या. मग सांगा कसं वाटतंय ते."

बाहेर आल्यावर सासरे चार पावलं चालले आणि थबकले. खाली बघितलं. पुन्हा दोन पावलं चालले.

"माझे बूट वाजतात?"

"वाजतात."

"कधीपासून?"

"मी या घरात आले तेव्हापासून तरी," ती म्हणाली.

तिनं हे नेहमीच्या आवाजात म्हटलं होतं. त्यांनी ते ऐकलं. आणि ते हसले, खांदे हलवत, शेजाऱ्यांबरोबर हसायचे तसे.

मग दोघांनी विद्यापीठ बघितलं. खरं तर ते आधीपासून तिथंच होतं, पण तिला ते आत्ता दिसायला लागलं. वाचनालयात गेली, तर सासरे पानं उलटल्याचा आवाज ऐकत दारातच उभे राहिले. उपाहारगृहात मात्र ते वैतागले. चमचे, बश्या, खुर्च्या, पोरांचा गलका. "हे लोक एवढं कशाला बोलतात? आणि सगळे एकाच वेळी?" डबा त्यांनी बाहेर झाडाखालच्या बाकावर खाल्ला. आतली बस समोरून गेली, तेव्हा सासऱ्यांनी कान टवकारले. "पट्टा सैल आहे तिचा. सांगायला पाहिजे कुणाला तरी." सांगायला कुणी नव्हतं, मग त्यांनी ते सुनेलाच पुन्हा एकदा सांगितलं.

खाऊन झाल्यावर ती म्हणाली, "बाबा, मला वाटायचं, मी तुम्हाला आवडत नाही."

सासऱ्यांनी डब्याचं झाकण लावलं, नीट दाबलं.

"मला वाटायचं, तुला माझ्याशी बोलायचं नसतं," ते म्हणाले. "बोलताना तू खाली बघतेस. हळू बोलतेस. म्हटलं, पोरीला अवघड वाटतं, आपण उगाच समोर का बसा. म्हणून उठून जायचो. काल तुझा नवरा म्हणाला, ती एकटीच जाणार. मला बरं वाटेना. पण सांगायचं कसं? मग म्हटलं, पूल बघायचाय."

"पूल नव्हता बघायचा?"

"बघायचाय ना. पूल चांगलाच असणार."

तासाभरानं ती यंत्रं परत करायला दवाखान्यात गेली. सासऱ्यांची पुढची तारीख ठरली. सून निघाली, दारापर्यंत गेली आणि परत आली. दिवसभरात पहिल्यांदा तिला काहीतरी विचारायचं होतं.

"हे शिकायला काय लागतं?"

"शाळेत विज्ञान होतं?" प्राध्यापिकांनी विचारलं.

"होतं. जीवशास्त्र आवडायचं."

"मग प्रवेशपरीक्षा. सोपी नाही. जागा कमी असतात आणि वर्गातली सगळी तुमच्यापेक्षा लहान असतील. पहिलं वर्ष तर पाठांतरानं जीव नकोसा करतं." त्यांनी चष्मा काढून पुसला. "घाई करू नका. आजचा दिवस तुमच्यासाठी वेगळा होता. अशा दिवशी माणसाला सगळंच करावंसं वाटतं. घरी जा, झोपा, दोन आठवडे जाऊ द्या. तरीही वाटलं तर या."

हे तिला फार पटलं. मन लावून ती लेखाशास्त्राच्या विभागातही जाऊन आली. तिथल्या शिक्षकांनी तिला आपुलकीनं सगळी माहिती दिली, आणि ती जितकी जास्त ऐकत गेली तितकी तिची खात्री होत गेली, की हे चांगलं आहे, पण आपलं नाही.

परतीच्या बसला वेळ होता, म्हणून दोघं उड्डाणपूल बघून आली. सासऱ्यांनी तो कठड्याला टेकून खालून वर, वरून खाली निरखला आणि दुसऱ्या मजल्याचं वळण अरुंद ठेवलंय असा निकाल दिला.

घरी पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती. छकुली दारातच पायांना बिलगली. सासूबाईंनी मोठ्यानं, नेहमीच्या पट्टीत विचारलं, "काय म्हणालं विद्यापीठ?"

"चांगलं आहे. फार मोठं आहे," सासरे म्हणाले. "मला कमी ऐकू येतं."

सासूबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "हे कळायला विद्यापीठ लागलं? मी कधीची कानीकपाळी ओरडतेय."

"तू ते सांगत होतीस होय? मला वाटायचं, तू रागावतेस."

"ते पण करत होते," सासूबाई म्हणाल्या, आणि पाणी आणायला आत वळल्या. पण सुनेनं पाहिलं, त्यांनी पदर डोळ्यांना लावला होता.

दोन आठवडे गेले, तरी तिला तेच वाटत राहिलं. तिनं श्रवणशास्त्रासाठी अर्ज केला, दुकानातून आल्यावर स्वयंपाकघराच्या टेबलावर अभ्यास केला. छकुलीला शाळेत सोडायचं काम सासऱ्यांनी कुणी न सांगता उचललं. पहिल्या यादीत तिचं नाव लागलं नाही. दुसऱ्या यादीत लागलं, अगदी शेवटी, आणि नवऱ्यानं ते पाळी सुटल्यावर फाटकातूनच ओरडून सगळ्या गल्लीला सांगितलं.

सासऱ्यांना त्यांची स्वतःची यंत्रं मिळाली. सुरुवातीला त्यांनी कुरकुर केली, टोचतं म्हणाले, कुकरच्या शिट्टीला दचकले. सासूबाईंचा आवाज चढला की ते ती हळूच काढून खिशात ठेवतात, असा घरात दाट संशय आहे. सून विद्यापीठातून आली की मात्र ती जागच्या जागी असतात.

परवा ती ओट्यावर बसून पाठ करत होती. कानाच्या आत तीन बारकी हाडं असतात. हातोडी, ऐरण, रिकीब. पडदा हलला की हातोडी हलते, ती ऐरणीला हलवते, ऐरण रिकिबीला, आणि धक्का आत पोचतो.

सासरे ऐकत होते. "म्हणजे दांडा जोडलाय एकाला एक," ते म्हणाले. "गिअरसारखा."

"गिअर नाही बाबा. तरफ म्हणा."

"तरफ," त्यांनी मान डोलावली. "बरं. आणि धक्का आत पोचल्यावर पुढं काय होतं?"

तिनं पुस्तकाचं पान उलटलं आणि ती सांगायला लागली.